मागाजवळची झोप

आमच्या घरात काही सांगायचं असेल तर ओरडावं लागतं. समोरच्या खोलीत बाबांचे दोन पावरलूम आहेत. सकाळचा चहा झाला की ते सुरू होतात आणि दिवेलागणीपर्यंत चालतात. धागा घेऊन आडवा धावणारा धोटा आधी एका बाजूला आपटतो, मग दुसऱ्या, आणि त्या आपटण्यात टीव्ही, कुकरची शिट्टी, दारावरची हाक सगळं बुडून जातं. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या बायकोला पहिले काही दिवस वाटत होतं, की या घरातली माणसं सारखी भांडतात.

माझी मुलगी आता नऊ महिन्यांची आहे. तिला ऐकू येत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट शेवटपर्यंत लपवून ठेवणं मला बरं वाटत नाही. ते कळायला आम्हाला इतके महिने का लागले आणि कळल्यावर काय झालं, एवढंच लिहायचं आहे. मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रश्नाखाली उत्तर लिहायची सवय आहे. स्वतःबद्दल लिहायची नाही. त्यामुळे कुठे जास्त होईल, कुठे कमी पडेल, माहीत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे मुलगी बायकोच्या गावी झाली, नरखेड तालुक्यात. मी सुटीच्या दिवशी एसटीने जायचो. घरामागे संत्र्याची झाडं, दिवसभर पाखरं सोडली तर आवाज नाही. मुलगी खूप झोपायची. सासूबाई म्हणायच्या, "लय शांत आहे पोट्टी. विहिरीवरची मोटार सुरू झाली तरी हालत नाही." हे कौतुक होतं. मीही कौतुकानेच ऐकलं.

श्रावणात बायको तिला घेऊन नागपूरला आली. त्याआधी माझा बाबांशी वाद झाला होता. आमच्याकडे तान्ह्या लेकराची झोळी मागाच्या खोलीतच टांगतात. वरच्या लोखंडी तुळईला कडी आहे, तिला जुन्या लुगड्याची झोळी. बायका शेजारी बसून कांड्या भरतात, म्हणजे धोट्यात घालायच्या लहान नळीवर सूत गुंडाळतात, आणि मधूनमधून झोळीची दोरी ओढतात. मी, माझे बाबा, माझे काका, सगळे त्याच कडीला लोंबकळत मोठे झालो. पण मी काहीबाही वाचलं होतं. धीर करून म्हणालो,

"बाबा, दुपारच्याला तरी माग बंद ठेवा. एवढा आवाज लहान लेकराच्या कानाले चांगला नसते."

बाबांनी हातातलं सूत खाली ठेवलं. "तू कुठी झोपत होता लहानपणी?"

"इथंच."

"मंग? बहिरा झाला का?"

आई आतून म्हणाली, "झाला ना. कॉलेजात गेल्यापासून झाला. घरच्याचं काहीच ऐकू येत नाही त्याले."

सगळे हसले. मीही हसलो. तो विनोद खरंच चांगला होता. आता आई तो वाद झालाच नाही असं वागते, आणि मीही आठवण काढत नाही.

मुलगी आली त्या दिवशी आईने तिला ओवाळलं, डोळ्यांत काजळ भरलं, झोळीत टाकलं आणि बाबांना खूण केली. दोन्ही माग सुरू झाले. आम्ही सगळे झोळीभोवती उभे होतो. मी तर तिला उचलायला हात पुढेच करून होतो. तिने एकदा डोळे मोठे केले, वरच्या तुळईकडे पाहिलं आणि काही वेळाने तिच्या पापण्या जड झाल्या. ती झोपली. माहेरी झोपायची त्याहून गाढ.

"पाहा!" आई ओरडली. "मागावाल्याची पोर आहे. शिकवा लागते का तिले?"

बाबांनी त्या दिवशी चहा नेहमीपेक्षा गोड मागितला. आमच्या पिढीत मागावर कोणी बसलं नाही. चुलतभाऊ मिहानमधल्या कंपनीत कामाला जातो, मी कॉलेजात. कधीतरी हे माग भंगारात जाणार, हे बाबांना माहीत आहे, ते बोलून दाखवत नाहीत इतकंच. आणि या घरात एक नवीन जीव आला, ज्याला मागाचा आवाज टोचत नव्हता. गल्लीत कोणी भेटलं की ते सांगायचे, "आमची नात मागाजवळ झोपते, डोळाही उघडत नाही." पुण्याहून आलेल्या आत्याच्या नातवाने त्याच खोलीत रडून आकांत केला होता. ते उदाहरण आई प्रत्येक वेळी जोडायची.

माझा अभिमान वेगळा होता, तोही लिहायला हवा. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी वर्गात उभा राहून "मले वाटते" असं म्हणालो आणि मागच्या बाकावरची मुलं हसली. तेव्हापासून मी बाहेर बोलताना प्रत्येक शब्द आधी मनात म्हणून बघतो. माझ्या मुलीला ते करावं लागू नये, असं मला वाटायचं. म्हणून मी तिच्याशी पुस्तकातल्यासारखं बोलायचो. "बाळा, तुला भूक लागली आहे का?" असं. आई ते ऐकून पदर तोंडाला लावायची.

"काहून गा, लेकराशी बोलून राहिला का बातम्या देऊन राहिला?"

"आई, तूही तिच्याशी नीट बोल. तुले-मले नको."

"मी तं असंच बोलीन. तुह्याशी असंच बोलली, तरी तू एम.ए. झाला."

"अजून झालो नाही."

"मंग माहीच चूक असन."

संध्याकाळी माग बंद झाले की मी तिला मांडीवर घेऊन अभ्यासाची पुस्तकं मोठ्याने वाचायचो. ती माझ्या ओठांकडे एकटक पाहायची. एवढं लक्ष माझ्या बोलण्याकडे तोवर कोणी दिलं नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात मारबत निघते. काळी आणि पिवळी, दोन मोठ्या बाया कागद-बांबूच्या, त्यांच्यामागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, ढोल, ताशे, आणि सगळी पोट्टी ओरडत असतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" बाबा तिला कडेवर घेऊन चौकापर्यंत गेले. मी नको म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. बाजूच्या घरातलं तिच्याच वयाचं लेकरू आईच्या खांद्यात तोंड खुपसून किंचाळत होतं. आमची मात्र हसत होती. पिवळ्या मारबतीचे मोठे डोळे जवळ आले तशी तिने हात पुढे केले. लोक म्हणाले, "काय धीट पोरगी आहे हो!" बाबांची छाती फुगली. ढोलवाला मुद्दाम जवळ येऊन वाजवून गेला. तिने त्याच्या हातातल्या काड्यांकडे पाहिलं, डोळे मिचकावले नाहीत.

त्या दुपारी जेवताना बायको म्हणाली, "इचे कान एकदा दाखवून घेऊ का?"

आईने घास थांबवला. "काहून वं?"

"मी मागून हाक मारली तं पाहत नाही. पुढं आली तंच हासते."

"माग चालू राहते, तुहा आवाज तिच्या कानात जाईन कसा? माहीच हाक तुले ऐकू येते का? दहा वेळा बोलवा लागते."

"तसं नाही, आई."

"मंग कसं? सणासुदीचं लेकराले काही लावू नको वं माय."

आता मागे वळून पाहिलं की दिसतं, आमच्या घरात हे कळायला जागाच नव्हती. ती झोपली, तर मागावाल्याची पोर. तिने वळून पाहिलं नाही, तर मागाचा आवाज. ढोलाला घाबरली नाही, तर धीट. कुठलीही खूण दिसली की तिला आमच्याकडे आधीच तयार, आणि चांगलं, कारण होतं. शांत घरात असं झालं नसतं. बायको शांत घरातली होती, म्हणून तिला आधी दिसलं.

मी एकदा तपासून पाहिलं. तिच्या पाठीमागे स्टीलचं ताट चमच्याने वाजवलं. तिने मान वळवली. मी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "तुमची सावली पडली तिच्यापुढं." मला ते खरं वाटलं नाही. खरं वाटून घ्यायचं नव्हतं, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

दिवाळीला माग बंद असतात. वर्षातले हेच काही दिवस आमचं घर शांत. इतकं शांत, की घड्याळ ऐकू येतं आणि माणसं सवयीने ओरडून मग ओशाळतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आई आत करंज्यांचं ताट भरत होती. मुलगी समोरच्या खोलीत सतरंजीवर बसवली होती, मागे उशी, पुढे रंगीत खुळखुळा. मी आणि बायको उंबऱ्याशी पणत्या लावत होतो. गल्लीतल्या पोट्ट्यांनी आमच्या ओट्याखालीच सुतळी बॉम्ब लावला. सांगितलं नाही, काही नाही. तो फुटला तेव्हा माझ्या हातातली पणती पडली, आतून आईची शिवी ऐकू आली, खिडकीची काच हलली. मुलीची आमच्याकडे पाठ होती. मी पुढे जाऊन पाहिलं, ती खुळखुळ्याची लाल बाजू चोखत होती. चोखतच राहिली.

बायको हळू म्हणाली, "पाहिलं?"

मी मान हलवली.

"आज नका बोलू. आईनं सकाळपासून एवढं केलं."

मग आम्ही उरलेल्या पणत्या लावल्या. तिला घेऊन पूजेला बसलो. बाबांनी मागांनाही हळदकुंकू वाहिलं आणि तिचा इवलासा हात मागाच्या लाकडाला लावला. सगळ्यांनी नमस्कार केला. मी काय मागितलं ते सांगायची गरज नाही.

भाऊबीज झाल्यावर मी घरात सांगितलं, की तिला दवाखान्यात न्यायचं आहे. आई रुसली. पण त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. दुपारी दोन्ही माग चालू असताना लाईन गेली. माग थांबले, आणि झोळीतली मुलगी दचकून जागी झाली, रडायला लागली. लाईन आली, माग सुरू झाले, ती पुन्हा झोपली.

आईने कांडी टाकली आणि उभी राहिली. "आवाज बंद झाला का उठते! ऐकू येत नसतं तं उठली असती का?"

बाबांनी मुद्दाम करून पाहिलं. ती झोपली की माग बंद. ती उठायची. पुन्हा सुरू, ती झोपायची. एकदा, दोनदा, आणि मग बाबांनी बाजूच्या घरातल्या काकूंना बोलावून त्यांच्यासमोर करून दाखवलं. काकू म्हणाल्या, "अवं, हे तं चांगली तयार आहे पोरगी. तुम्ही उगाच धसका घेतला." माझी बायको भिंतीला टेकून उभी होती. ती रडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडली, आनंदाने. मला वाटतं, आमच्या घरातला तो सगळ्यात सुखाचा दिवस होता. दिवाळी सरली होती, पण आमची दिवाळी तेव्हा झाली. आईने त्या दुपारी शिरा केला.

तरी आधी ठरलं होतं म्हणून आम्ही रामदासपेठेतल्या कानाच्या दवाखान्यात गेलो. मी मोटारसायकलवर, बायको मागे, मुलगी मध्ये. खरं सांगायचं तर आम्ही तिला चांगलं ऐकू येतं हे लिहून आणायला चाललो होतो. तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या, फार तर माझ्याएवढ्या. मी गेल्या गेल्या त्यांना मागाचं सांगितलं. लाईन गेली तेव्हाचं, बाबांनी केलेल्या चाचणीचं, सगळं.

मुलीला औषध पाजून झोपवलं. एका बंद खोलीत तिच्या कपाळाला आणि कानामागे तारा लावल्या. कानात आवाज सोडायचे आणि मेंदू उत्तर देतो का ते पडद्यावर बघायचं, अशी ती तपासणी. मला पडद्यावरचं काही कळत नव्हतं. पण मॅडम आवाज वाढवत होत्या, हे त्यांच्या हातावरून कळत होतं, आणि पडद्यावरच्या रेषेत फरक पडत नव्हता, हे कोणालाही कळलं असतं. शेवटी त्या म्हणाल्या, "हा सगळ्यात मोठा."

रेषा तशीच राहिली.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "झोळी कुठे टांगता?"

"मागाच्या खोलीत. वरच्या तुळईला."

"तुळई हलत असेल ना माग चालताना? थरथर?"

"हो. भिंतीसुद्धा."

"ती थरथर तिला कळते. पाठीला, अंगाला. आपण लेकराला थोपटतो तसं. थोपटणं थांबलं की बाळ उठतंच." मग म्हणाल्या, "ऐकण्याशी त्याचा संबंध नाही, दादा."

बायकोने झोपलेल्या मुलीच्या कपाळावरचा चिकट डाग पदराने पुसला, पुन्हा पुन्हा, तो निघून गेल्यावरही.

मला एकच आशा उरली होती. ऑपरेशन करून कानात यंत्र बसवतात, मग मुलं ऐकतात, बोलतात, शाळेत जातात, हे मी वाचलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी त्यासाठी डोक्याचा एमआरआय करायला सांगितला. तोही झाला. डॉक्टर वयस्कर होते, त्यांनी फिल्म उजेडासमोर धरून मला नीट समजावलं. कानाकडून मेंदूकडे जाणारी जी नस असते, ती तिला दोन्ही बाजूंना दिसत नाही. यंत्र आवाज त्या नसेपर्यंत पोचवतं. नसच नाही, तर पोचवायचं कुठे.

मी विचारलं, "मागाच्या आवाजाने झालं का?"

"नाही. जन्मापासूनच आहे."

"आधी आणलं असतं तर?"

"तरी हेच सांगितलं असतं."

उशीर झाला नव्हता, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण उशीर झाला असता, तर निदान आधीच्या कुठल्यातरी एका दिवशी काही करता आलं असतं, असा एखादा दिवस तरी असता. तसा दिवस नव्हता. ती जन्मली त्या दिवसापासून आजपर्यंत कुठेही थांबून पाहिलं तरी गोष्ट हीच होती.

घरी आलो तेव्हा माग चालू होते. बाबांना सांगायचं होतं. मी जवळ जाऊन म्हणालो, "बाबा, तिले ऐकू येत नाही."

"काय?"

"ऐकू येत नाही! तिले!"

"काय म्हणते डॉक्टर?"

"काहीच होत नाही म्हणते! नसच नाही!"

ही वाक्यं मला ओरडून सांगावी लागली. बाजूच्या घरात गेली असतील. बाबांनी माग बंद केला नाही. त्यांचा हात ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून फिरत होता, तुटलेला धागा सापडला, त्याला गाठ मारली, पुढे सरकले. बराच वेळ ते धागेच पाहत होते. संध्याकाळी माग थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मागानं नाही ना झालं?"

"नाही."

"तुले खरं सांगितलं का त्याईनं?"

"हो, बाबा."

हा प्रश्न ते अजून विचारतात. भाजी आणायला निघालो की दारात थांबवून विचारतात. मी दर वेळी तेच उत्तर देतो आणि त्यांना ते पटत नाही. एक दिवस त्यांनी कोणाला न सांगता झोळी आतल्या खोलीत टांगली, मागापासून लांब. ती झोपेना. दुपारभर रडली. आईने थोपटलं, मी फिरवलं. शेवटी बायकोने झोळी सोडली आणि पुन्हा मागाच्या खोलीत नेऊन कडीला अडकवली.

बाबा म्हणाले, "राहू दे ना वं तिकडंच."

"झोपू द्या तिले, बाबा," ती म्हणाली. "तेवढंच तं भेटते तिले."

ऐकू न येणाऱ्या मुलांची एक शाळा आहे. तिथल्या बाईंना भेटायला आम्ही गेलो. त्यांनी सांगितलं, तिच्या समोर येऊन बोला, चेहऱ्यावर उजेड असू द्या, खुणा करा, आतापासून करा. त्या चांगल्या मनाने सांगत होत्या. खुणा आमच्या घरात नवीन नाहीत. मागाच्या आवाजात बाबा हातानेच बोलतात: चहा आण, सूत तुटलं, लाईन गेली, जेवायला चल. परत येताना मी मनात त्या सगळ्या खुणा आठवून पाहिल्या. चौकात सिग्नल सुटायच्या आत संपल्या. त्यात "तुला काय वाटतं?" ही खूण नाही. "का?" ही नाही. माझ्या आईबापांचं आयुष्य तेवढ्या खुणांत भागलं, कारण माग बंद झाल्यावर त्यांना बोलता येत होतं.

त्याच बाईंनी जाता जाता आणखी एक सांगितलं. सगळी लेकरं सुरुवातीला आवाज काढतात, बडबडतात. ऐकू न येणारीही. पण स्वतःचाच आवाज कानावर पडत नसल्यामुळे त्यांची ती बडबड हळूहळू कमी होते. "घाबरू नका तसं झालं तर," त्या म्हणाल्या. बायकोने मान डोलावली. हे आम्ही आईला सांगितलं नाही.

संक्रांतीला पहिल्या वर्षाच्या लेकराला बोरं, मुरमुरे, गोळ्या यांनी न्हाऊ घालतात. आमच्याकडे याला लूट म्हणतात, कारण खाली पडलेलं सगळं गल्लीतली पोट्टी लुटून नेतात. मला वाटत होतं आई यंदा टाळेल. पण आईने काळं झबलं शिवलं, हलव्याचे दागिने आणले, मुकुट, बासरी, गळ्यातला हार. ओट्यावर पाट मांडला. बायका जमल्या. पोट्टी आधीच वाकून बसली होती.

आईने पहिलं माप डोक्यावरून ओतलं. एक बोर मुलीच्या मांडीवर पडलं. तिने ते उचललं, पाहिलं, आणि मोठ्याने म्हणाली, "बाबाबाबा."

"बाबा म्हटलं!" आई जवळजवळ किंचाळली. "ऐकलं का? बाबा म्हटलं वं! ऐकू येत नाही म्हणते, अन् बाबा कशी म्हणते मंग?"

बायका टाळ्या वाजवायला लागल्या. कोणीतरी मला पुढे ढकललं. "जा ना गा, तुले बोलावून राहिली." मुलगी पुन्हा म्हणाली, "बाबाबा." तिचा आवाज खणखणीत आहे. आईवर गेला आहे. बाबा दाराच्या चौकटीत उभे होते, त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक तेही तेच म्हणत होते.

मी म्हणालो, "आई, ते तसं नसते."

"कसं नसते?"

इतकी वर्षं शब्द गोळा केले, आणि त्या ओट्यावर एक वाक्य जुळेना. बायको पाटाजवळ बसून मुलीच्या केसांतले मुरमुरे काढत होती. ती वर न पाहता म्हणाली,

"ते बोलणं नाही, आई. सगळेच लेकरं करते तसं. इचं बंद होईन."

टाळ्या थांबल्या. पोट्टीसुद्धा एकमेकांकडे पाहायला लागली. मग एका बाईने उगाच म्हटलं, "टाका ना वं बोरं, लेकरं वाट पाहून राहिले," आणि आईने उरलेलं सगळं एकदमच ओतलं. पोट्टी तुटून पडली. त्या गडबडीत आई बायकोच्या कानाशी वाकून म्हणाली, "सणाच्या दिवशीच काहून बोलली असं?"

"मंग कोणत्या दिवशी बोलू?"

आईने तिळगुळाची वाटी उचलली आणि बायकांना वाटायला गेली.

त्यानंतर घरात एक बदल झाला, तो कोणी ठरवून केला नाही. मुलीने आवाज काढला की जो जिथे असेल तो थांबतो. आई भाकरी थापता थापता हात वर धरून थांबते. मी वाचत असलो तर ओळीवर बोट ठेवतो. बायको कपडे वाळत घालताना दोरी धरून उभी राहते. आवाज संपला की सगळे पुन्हा कामाला लागतात, एकमेकांकडे न पाहता. सुरुवातीला दिवसभर हे व्हायचं. अलीकडे मला वाटतं, कमी झालंय. मी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "मोजू नका." मी मोजत नाही. पण मोजलं नाही तरी कळतं.

परवा माझं कॉलेज नव्हतं. बाबा सूत आणायला गेले होते, त्यामुळे माग बंद होते. मुलगी सतरंजीवर पालथी पडून एक वाटी ढकलत होती, पकडत होती, हसत होती. हसण्याला आवाज होता. बाकी काही नव्हतं. आई भिंतीशी बसून कांड्या भरत होती. दुपार बरीच सरल्यावर तिने विचारलं,

"आज काही म्हटलं का तिनं?"

"नाही."

आईने कांडीवरचं सूत संपेपर्यंत हात थांबवला नाही. मग म्हणाली, "झोप येऊन राहिली असन तिले."

मुलगी टक्क जागी होती. वाटी पुढे गेली, तिच्यामागे तीही सरकत गेली, आणि उंबऱ्याशी पोचून तिने मागे वळून आमच्याकडे पाहिलं. मी हात हलवला. आईनेही हलवला.